गोठा मागे नेताना : डिचोलीतल्या नोंदी, २०२५

१२ जानेवारी, रविवार

शुक्रवारी पंचायतीची नोटीस आली. घराच्या उत्तरेला असलेल्या गोठ्याचा वास येतो, माश्या होतात आणि पावसाळ्यात शेजारच्या विहिरीचं पाणी पिवळट होतं, याचा खुलासा द्यायचा आहे. तक्रारीवर नाव काकीचं. बाबांच्या चुलत भावाची बायको, भिंतीला भिंत लागून घर. आई तिला वहिनी म्हणते आणि अजून परसातली तांबडी भाजी पहिली तिच्याकडे जाते. बाबांनी नोटीस दोनदा वाचली, घडी करून चष्म्याच्या घरात ठेवली आणि गुरांना पाणी दाखवायला गेले.

त्यांचं म्हणणं एकच. गोठा आजोबांच्या वेळचा, काकीच्या मुलाचं नवं घर २०२१ चं. आधी कोण होतं?

मी गोव्यातल्या डिचोलीत एका इंजिनियरच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन आहे. बारा वर्षं लोकांच्या घरांचे नकाशे काढतेय, पण आमच्या गोठ्याचा नकाशा कधी कोणी काढलेला नाही. त्यामुळे खुलासा लिहिण्याआधी मोजून घ्यायचं ठरवलं. गोठा आधीचा असला तरी पाणी खालच्याच बाजूला जाणार, आणि काकीची विहीर आमच्यापेक्षा खाली आहे.

जनावरं चार : तांबू आणि चंद्री या दोन संकरित गाई, कपिला ही गावठी, आणि चंद्रीची कालवड मोगरी. दूध गावच्या संस्थेत जातं, तिथून कुर्टीला गोवा डेअरीत.

१९ जानेवारी, रविवार

भावाला घेऊन ३० मीटरची टेप फिरवली. सकाळी साडेसातला सुरू केलं, आमचा वाडा, म्हणजे गावातली आमची वस्ती, पूर्ण व्हायला दुपार झाली. लोक अंगणात येऊन विचारत होते, सर्व्हे आला काय? नाही म्हटलं, आमच्या कामासाठी. दोन घरांत चहा झाला आणि त्यांच्याही विहिरी मोजून घेतल्या.

आकडे असे. आमच्या गोठ्याच्या मोरीच्या तोंडापासून काकीची विहीर ८.४० मीटर. गोठ्याची मागची भिंत आणि तिच्या स्वयंपाकघराची खिडकी यांत ५.७० मीटर. मोरी पुढे उघड्या चरात जाते आणि चर पोफळींच्या मुळाशी संपतो. निदान संपतो असं आम्ही समजत होतो. तिथे काठी खुपसली तर दीड वीत काळा चिखल आणि त्याखाली चिरा, म्हणजे जांभा दगड. आमचा चिरा भोकाभोकांचा, पाणी धरून ठेवत नाही. मुतानं भिजलेलं पाणी त्या भोकांतून कुठे जातं ते बघायला फार हुशारी लागत नाही.

आणखी एक आकडा मिळाला, तो मी शोधत नव्हते. काकीच्या नव्या घराच्या सेप्टिक टाकीचा सोक पिट (टाकीतलं पाणी जमिनीत मुरवणारा शोषखड्डा) आमच्या विहिरीपासून ११.२० मीटरवर आहे. भाऊ लगेच म्हणाला, हे लिही खुलाशात. मी वहीत लिहिलं. खुलाशात लिहिणार नाही.

२० जानेवारी

रात्री ऑफिसचं काम संपवून वाड्याचा नकाशा संगणकावर घेतला. नगर नियोजन खात्याची तांत्रिक मंजुरी मिळते तेव्हा खाली अटींची यादी असते. फाटक आतल्या बाजूला उघडावं, रस्ता रुंदीकरणाच्या जागेत बांधू नये, वगैरे. त्यात एक अट न चुकता असते : सोक पिट विहिरीपासून १५ मीटरच्या आत नसावा. मी ती अट शेकडो नकाशांवर टाईप झालेली पाहिली आहे. आज पहिल्यांदा आमच्या वाड्यातल्या पाचही विहिरींभोवती १५ मीटरची वर्तुळं काढली.

१५ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ ७०७ चौरस मीटर भरतं. आमच्याकडे वाटण्या होऊन जे तुकडे झालेत ते ३००-४०० चौरस मीटरचे. १९७५ च्या मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याच्या) कायद्यात पंचायत हद्दीतल्या घराभोवती पाच मीटर किंवा एकूण ३०० चौरस मीटर, यांतलं मुंडकाराच्या फायद्याचं ते धरतात. म्हणजे एका विहिरीचं वर्तुळ दोन घरांची जागा खाऊन टाकतं. पाच वर्तुळं एकमेकांवर चढली आणि वाड्याच्या मधोमध कोरी जागा जवळजवळ उरलीच नाही. गोठे, संडास, खतखड्डे, डुकरांची खोपटी, सगळं कुठल्या ना कुठल्या वर्तुळात.

अट सोक पिटासाठी आहे, गोठ्याच्या मोरीचं नाव त्यात कुठे नाही. पण त्यामागची भीती एकच आहे, आणि चार जनावरांची मोरी ही कुठल्याही कुटुंबाच्या टाकीपेक्षा हलकी नाही. चारशे किलोच्या गाईचं दिवसाला १५ ते २० किलो शेण आणि जवळपास तेवढेच लिटर मूत, असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा अंदाज आहे. आमच्या गाई लहान चणीच्या, तरी रोज ४५ किलो शेण आणि ४५-५० लिटर मूत धरावं लागतं.

नकाशा छापून बाबांसमोर ठेवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी बोटाने मागचं कुळागर, म्हणजे पोफळी-केळींची बाग, दाखवलं, घरापासून साठ-सत्तर पावलांवरचं. म्हणाले, "तिथे वर्तुळ नाही."

२३ जानेवारी

खुलासा दिला. एक पान. मापं लिहिली, मोरी चुकीच्या जागी आहे हे मान्य केलं, गोठा मागच्या जमिनीत हलवतो म्हणून सहा महिने मागितले. तोवर मूत पिंपात धरून रोज कुळागरात नेऊ असं लिहून दिलं. आजपासून ते काम भावाकडे.

२७ जानेवारी

मागच्या जमिनीचा एक-चौदाचा उतारा (गोव्याचा सातबारा म्हणा) आणि सर्व्हे नकाशा काढला, झोनिंगचा दाखला मागितला. घर आणि जुना गोठा प्रादेशिक आराखडा २०२१ नुसार वस्तीच्या पट्ट्यात आहेत, कुळागर बागायतीच्या. नवे घर बांधणाऱ्यांना हा फरक पहिल्या दिवशी कळतो. वाडवडिलांच्या जागेत राहणाऱ्यांना कधी विचारायची वेळच येत नाही.

अनेकांचा समज असा की शेतजमिनीत गोठा बांधायला कोणाला काही विचारावं लागत नाही. तसं नाही. जमिनीचा वापर शेतीचाच राहिला तरी भिंत आणि छप्पर आलं की ते बांधकाम, आणि पंचायत राज कायदा १९९४ च्या कलम ६६ प्रमाणे पंचायतीची लेखी परवानगी लागते. जमीन महसूल संहितेच्या कलम ३२ ची सनद ही वेगळी गोष्ट, ती जमीन शेतीबाहेरच्या वापराला नेताना. आमच्या अर्जात गोठा कुळागराचाच भाग म्हणून दाखवणार आहे : चारा तिथला, शेण-मूत तिथल्याच पोफळींना.

कुळाचा रकाना कोरा आहे, हे बरं झालं. कुळकायद्याने मिळालेल्या जमिनीवर १९९१ च्या कायद्याने शेतीशिवाय दुसरा वापर चालत नाही आणि मग प्रत्येक शब्दावर खल होतो.

९ फेब्रुवारी, रविवार

कब्जेदाराच्या रकान्यात सात नावं. बाबा, दोन आत्या, एक काका, वारलेल्या मोठ्या काकांची मुलं. गोव्यात १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा अजून घराघरात चालतो, त्यामुळे नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, म्हणजे सात नावांमागे प्रत्येकाच्या जोडीदाराचीही सही. मोजल्या तर बारा सह्या. दोन मुंबईला, एक पुण्याला.

धाकटी आत्या फोनवर म्हणाली, "गोठ्याला सही कसली गे मागतेस? बाबा होते तेव्हा गुरांना सही लागली नव्हती." तिला सांगितलं की हा वाटणीचा कागद नाही, नुसता ना हरकत आहे, आणि गोठा जाईल तिथे तुझा हिस्सा जात नाही. तिने पंधरा मिनिटं ऐकून घेतलं आणि शेवटी एकच विचारलं, कपिला अजून दूध देते का. देते म्हटलं, पाऊण लिटर. सही कुरियरने पाठवते म्हणाली.

या कामात सर्वांत जास्त दिवस या सह्यांनाच लागणार आहेत. कोणी गोठा बांधायचं मनात आणत असेल तर त्याने चिऱ्याचा भाव नंतर विचारावा, उतारा आधी काढावा.

१५ फेब्रुवारी

जागा बघायला पुन्हा वर गेले. कुळागराच्या वरच्या अंगाला डोंगर चढतो. बाबांच्या मनात होतं की थोडा उतार कापून सपाटी करावी. नाही म्हटलं. नगर नियोजन कायद्याच्या कलम १७अ प्रमाणे डोंगर कापायला किंवा सखल जागा भरायला आधी मंजुरी लागते, आणि चार गुरांसाठी डोंगराला हात लावायचं कारण नाही. खालची जुनी मेर आहे तीच धरली. तिथे एक फणस मधे येतो. फणसासाठी गोठा दोन मीटर पश्चिमेला सरकवला. १९८४ चा वृक्ष कायदा आहेच, शिवाय त्या फणसाच्या गऱ्यांवर आम्ही मोठे झालो.

जवळची विहीर ४१ मीटर. ओहोळ त्याहून लांब.

२१ फेब्रुवारी

गुरांचे डॉक्टर आले, लाळ्या-खुरकताची लस झाली. चारही जनावरांच्या कानातले बारा आकडी पिवळे बिल्ले तपासून लिहून घेतले. तक्रारीत "गुरं रस्त्यावर असतात" असंही एक वाक्य आहे. रस्त्यावर बसणारी गुरं कोणाची हे या बिल्ल्यावरून कळतं, आणि आमची त्यांत नाहीत हे डॉक्टरांनी लिहून दिलं.

त्यांना नकाशाचा कच्चा कागद दाखवला. त्यांनी तीन गोष्टी बदलायला लावल्या. गव्हाण उंच झाली होती, ती खाली घेतली. जमिनीला गुळगुळीत कोबा नको, गाय घसरली की कमरेतून जाते, त्यावर खाचा मारा. आणि मागच्या बाजूला रान आहे तर गोचिडांकडे लक्ष ठेवा. शेजारच्या सत्तरी तालुक्यात २०१५ पासून माकडतापाचे, म्हणजे गोचीड चावून होणाऱ्या तापाचे, रुग्ण सापडत आले आहेत आणि रानात चरून येणारं जनावर गोचीड घरापर्यंत आणतं. गोठा रानाजवळ नेताना हे माझ्या डोक्यात नव्हतं. भोवती पाच मीटर झुडूप साफ ठेवायचं आणि संध्याकाळी गुरांच्या कानामागे, कासेपाशी हात फिरवून बघायचं, असं ठरलं.

कपिलेकडे बघून म्हणाले, ही श्वेतकपिलेच्या वळणाची दिसते. गोव्याच्या या पांढऱ्या गावठी गाईला करनालच्या राष्ट्रीय संस्थेकडे जात म्हणून नोंदणी मिळालेली आहे. बाबांना ते ठाऊक नव्हतं. संध्याकाळी त्यांनी तिला जास्तीची पेंड घातली.

२४ फेब्रुवारी

नकाशा पूर्ण. ६ मीटर बाय ४.५ मीटर, २७ चौरस मीटर. एका गाईला छपराखाली साडेतीन चौरस मीटर पुरतात. उरलेली जागा चालायला, चाऱ्याला, वासराला. जमिनीला चाळीसास एक उतार, म्हणजे सहा मीटरला १५ सेंटीमीटर. बाजूला छपराचा शेणखड्डा.

मोरीचं काय करायचं यावर चार रात्री घालवल्या. सोक पिट नियमात बसतो, ४१ मीटर म्हणजे भरपूर. तरीही मी तो नकाशात घेतला नाही. चिऱ्यात सोक पिट म्हणजे पाणी नजरेआड करणं. त्याऐवजी आतून सिमेंटचा गिलावा केलेली बंद टाकी, १.५ बाय १ बाय १ मीटर, दीड हजार लिटर. मूत आणि धुण्याचं पाणी मिळून दिवसाला २०० लिटर धरलं तर आठवड्याची सोय. आठवड्यातून एकदा पातळ करून पोफळी-केळींना. गोबरगॅसचाही विचार झाला; दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज ५० किलोच्या आसपास शेण लागतं, ते कसंबसं होईल, पण बाबांना शेण झाडांना हवंय. नंतर बघू.

पावसाचं पाणी या टाकीत जाता कामा नये. वळचणीसकट छप्पर ४० चौरस मीटर, गोव्यात वर्षाला तीन मीटर पाऊस. गुणाकार केला : एक लाख वीस हजार लिटर. पन्हळीशिवाय हा गोठा चालणारच नाही. नकाशावर पन्हळ जाड रेघेने काढली.

५ मार्च

अर्ज दाखल. पंचायतीत आवक क्रमांक मिळाला, नियोजन खात्याकडेही प्रत.

१२ मार्च

पंचायतीतून निरोप, दोन सह्यांची पानं फाईलला नाहीत. मी स्वतः लावली होती. पुन्हा प्रती काढून दिल्या आणि या वेळी प्रत्येक पानाला क्रमांक घालून पोच घेतली. कलम ६६ मध्ये तीस दिवसांची मुदत आहे. पंचायतीने तेवढ्यात काही कळवलं नाही तर उपसंचालकांकडे अपील करता येतं. पण मुदत मोजायची तर अर्ज पूर्ण पोचल्याचा पुरावा आपल्या हातात हवा.

उच्च न्यायालयाने याच महिन्यात रस्त्यांकडेच्या आणि शेतांतल्या बेकायदा बांधकामांवर आदेश दिल्यापासून सगळीकडे कागद दुप्पट काळजीने बघतात. ते मला योग्य वाटतं. वाईट एवढंच की शेतात बंगला बांधणारा आणि गोठा बांधणारा एकाच रांगेत उभे राहतात, आणि वकील फक्त पहिल्याला परवडतो.

२८ मार्च

नियोजन खात्याची पाहणी. अधिकारी तरुण, प्रश्न नेमके. गवत ठेवायला मी वर माळा दाखवला होता. त्यांनी विचारलं, "माळा कशाला? जिना पण येणार का?" मला आधी राग आला, मग समजलं. गोठा म्हणून मंजुरी घेऊन वर्षभरात टाईल्स, पलंग आणि पाहुणे आलेली बांधकामं त्यांनी पाहिली असणार. फार्महाऊसला निदान ४००० चौरस मीटर जमीन लागते, म्हणून त्याहून लहान तुकड्यात लोक पंपघर, गोठा अशी नावं शोधतात. त्याचा भुर्दंड खऱ्या गोठ्याला पडतो.

माळा रद्द केला. गवत बाजूला मांडवात ठेवू. तिन्ही बाजूंच्या भिंती एक मीटर उंच, वर उघडं. अशा गोठ्यात कोणी माणूस राहायला येणार नाही, हवाही चांगली खेळेल.

त्यांनी टाकीची कल्पना आवडल्याचं सांगितलं. मला त्या एका वाक्याने दिवसभर बरं वाटलं.

३ एप्रिल

काकीचा मुलगा, दादा, ऑफिसात आला. म्हणाला, आईने रागात तक्रार दिली, पण सहा महिन्यांत काही झालं नाही तर तो उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे जाणार होता. जुन्या फौजदारी संहितेचं कलम १३३, १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेत ते १५२ झालंय, सार्वजनिक उपद्रवाचं. त्याने सगळं वाचून ठेवलं होतं. त्याची मुलगी चार वर्षांची आहे आणि गेल्या पावसाळ्यात तिचं पोट दोनदा बिघडलं. हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

मी त्याला वर्तुळांचा नकाशा दाखवला. स्वतःच्या घरावरचं वर्तुळ त्याने बराच वेळ पाहिलं. ११.२० चा आकडा मी तोंडाने उच्चारला नाही, नकाशावर लिहिलेला होता.

२५ एप्रिल

आरोग्य केंद्राचा ना हरकत दाखला गेल्या आठवड्यात आला, तांत्रिक मंजुरी त्याआधी. आज पंचायतीच्या पंधरवड्याच्या बैठकीत परवाना मंजूर. एक अट जादा : बांधकाम फक्त गोठ्यासाठीच वापरावं.

बाहेर एका पंचांनी विचारलं, घरी दहा कोंबड्या आहेत, त्यांनाही असलंच काही लागतं काय? दहा कोंबड्यांना नाही. प्रदूषण मंडळाची संमती लागते ती पाच हजारांवरच्या पोल्ट्रीला. मात्र खुराडं शेजाऱ्याच्या विहिरीकडे उतरतं का ते बघा म्हटलं. त्यांच्या व्हरांड्यात पिंजऱ्यात पोपट आहे हे मला माहीत होतं, म्हणून तेही सांगितलं : तो ठेवता येत नाही, वन्यजीव कायद्यात येतो. ते गप्प झाले.

३० एप्रिल

अक्षय तृतीया. पाया आखला. बाबांनी पहिल्या चिऱ्यावर नारळ फोडला.

११ मे, रविवार

भिंती झाल्या. टाकीचा गिलावा दोन हातांचा, पाण्याने भरून तीन दिवस ठेवली. पातळी खडूने आखली होती. पहिल्या दिवशी चार बोटं उतरली. तळाच्या कोपऱ्यात केसासारखी भेग होती, दिव्याच्या उजेडात दिसली. रिकामी करून कोपरे गोल घासून घेतले आणि पुन्हा गिलावा. दुसऱ्या वेळी तीन दिवसांत अर्धं बोट, ते उन्हाने. एवढी तपासणी केली नसती तर सोक पिटच बांधल्यासारखं होतं.

२१ मे

कालपासून पाऊस. मान्सून नाही, पण मान्सूनसारखाच. कौलं चढली आहेत, पन्हळ फोंड्याहून यायची आहे. आज संध्याकाळी जाऊन पाहिलं तर वळचणीचं पाणी सरळ मोरीत पडत होतं आणि टाकी काठोकाठ भरून वाहत होती. गुरं अजून आलेली नाहीत म्हणून ते नुसतं पावसाचं पाणी. भाऊ आणि मी चिखलात उभं राहून पोफळीची पोय चिरून तिचीच तात्पुरती पन्हळ बांधली. दोन ठिकाणी गळते, पण पाणी मेरेच्या पलीकडे पडतं.

२६ मे

मान्सून केरळात २४ तारखेला आला, नेहमीपेक्षा आठ दिवस आधी, आणि लगोलग आपल्याकडे. जूनचा पहिला आठवडा धरून आखलेलं सगळं कोसळलं. पन्हळ आज लागली.

८ जून, रविवार

गुरं नेली. तांबू आणि चंद्री नवं गवत बघून आत गेल्या. मोगरी आईमागे. कपिला दारात थांबली, खाचा मारलेल्या जमिनीवर एक पाय ठेवायची आणि मागे घ्यायची. बाबांनी जुन्या गोठ्यातली तिची गव्हाणीची फळी काढून आणली आणि नव्या गव्हाणीवर टेकवली. तिने ती हुंगली आणि आत आली. पाऊस थांबला नव्हता.

२२ जून

पहिल्या दोन आठवड्यांचा हिशेब : टाकी सहाव्या-सातव्या दिवशी भरते. पावसात पातळ मूत झाडांना देण्यात अर्थ नाही, वाहून जातं. म्हणून दोन पावसांमधली उघडीप बघून देतो, नाहीतर शेणखड्ड्यावर शिंपडतो. आईची वाट मात्र लांबली. पहाटे पाच वाजता बॅटरी घेऊन पावसात तेवढं अंतर, दोन खेपा. हा खर्च कुठल्याच नकाशात दिसत नाही. वाटेवर चिरे बसवायला हवेत आणि एक दिवा.

जुन्या गोठ्याची जमीन एक फूट खरवडून माती कुळागरात नेली. खालचा चिरा काळा पडलाय.

६ जुलै, रविवार

दोन्ही विहिरींचं पाणी तपासायला दिलं होतं, अहवाल आला. काकीच्या विहिरीत कोलिफॉर्म, म्हणजे शेण-मैल्यातून येणारे जंतू, अजून आहेत. एका महिन्यात जाणार नव्हतेच, चाळीस वर्षांचं मुरलेलं आहे. आमच्याही विहिरीत आहेत. आमची विहीर जुन्या गोठ्याच्या वरच्या बाजूला, तिथे आमच्या मोरीचं पाणी चढून जाणार नाही.

अहवाल घेऊन मी काकीकडे गेले. तिने चहा टाकला, कागद दादाकडे दिला. दोन्ही घरी पाणी उकळून प्यायचं ठरलं.

२० जुलै, रविवार

दादाने टेप मागितली. पाऊस जरा कमी होता, दोघं छत्री घेऊन गेलो. त्यांच्या आवारात चारही कोपऱ्यांतून मोजलं. कुठेही उभं राहिलं तरी एक ना एक विहीर १५ मीटरच्या आत येते. शेवटी फाटकाबाहेर येऊन मोजत मोजत आमच्या हद्दीत आलो. नारळाच्या मागे, जुन्या खळ्याच्या टोकाला, साडेतीन मीटर रुंद पट्टी निघते, पाचही वर्तुळांच्या बाहेर. त्याचा सोक पिट तिथे बसतो, पाईपला उतारही मिळतो.

बाबांना रात्री सांगितलं. ते म्हणाले, "देऊ या. पण जमीन माझ्या एकट्याची नाही." त्याही उताऱ्यावर तीच सात नावं आहेत. उद्या धाकट्या आत्याला फोन करते.